स्कायरिमला निघालात? ही शिदोरी बरोबर घ्या

लहानपणी भातुकली मांडली की पहिला प्रश्न असायचा, "आई कोण होणार?" ते एकदा ठरले की मग चूल मांडायची, चुरमुऱ्यांचा भात करायचा, पाहुण्यांना बोलवायचे. त्या खेळात कुणी जिंकत नसे, कुणी हरत नसे. घेतलेले सोंग शेवटपर्यंत नीट वठवायचे, एवढाच त्यातला आनंद. इंग्रजीत ज्याला रोल-प्लेइंग गेम म्हणतात, तो मुळात याच जातीचा खेळ आहे. आपण एक भूमिका घ्यायची, एका कल्पित जगात शिरायचे आणि तिथे त्या भूमिकेला साजेसे वागायचे. कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन खेळायचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा असा खेळ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला आणि त्याच्याच वळणावर पुढे कॉम्प्युटरवरचे खेळ तयार झाले.

या खेळांतले जग बहुधा अद्भुताचे असते. राक्षस, मंतरलेल्या तलवारी, डोंगराच्या पोटातला खजिना. ज्या घरांत मराठी ‘चांदोबा’ आणि कन्नड ‘चंदमामा’ असे दोन्ही अंक येत असत, त्या घरांना यात परके वाटण्यासारखे काही नाही. फरक इतकाच की चांदोबातला राजकुमार काय करणार हे लेखक ठरवायचा. इथे ते तुम्हाला ठरवावे लागते.

या प्रकारातला एक गाजलेला गेम म्हणजे ‘स्कायरिम’. ‘द एल्डर स्क्रोल्स’ ही मालिका १९९४ साली सुरू झाली. तिचा हा पाचवा मुख्य भाग अमेरिकेतल्या बेथेस्डा गेम स्टुडिओज या संस्थेने टॉड हॉवर्ड यांच्या दिग्दर्शनाखाली तयार केला आणि तो ११ नोव्हेंबर २०११ रोजी बाजारात आला. त्याच्या सहा कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्याचे हॉवर्ड यांनी २०२३ साली सांगितले. इतक्या वर्षांनंतरही नवी मुले तो हाती घेत आहेत. पण कितीजण दोन संध्याकाळी खेळून "काही कळत नाही बुवा" म्हणत बाजूला ठेवतात. कारण बहुतेक वेळा एकच असते. शर्यतीच्या गेमची सवय झालेला नवखा इथेही धावत सुटतो. आपल्याकडे कन्नडमध्ये ‘निधानवे प्रधान’ म्हणतात ना, ती या गेमची किल्ली आहे. इथे बोटांच्या चपळाईपेक्षा थांबून बघणे आणि समोरच्याचे ऐकून घेणे जास्त कामाला येते. पुढच्या सगळ्या सूचना या एकाच गोष्टीभोवती फिरतात.

निघण्यापूर्वी

सर्वांत आधी वयाचा मुद्दा. अमेरिकेत गेमना वयाचे शिक्के देणाऱ्या मंडळाने स्कायरिमला ‘एम’ म्हणजे सतरा वर्षे व त्यावरील वयाचा शिक्का दिला आहे. तो योग्यच आहे. पहिल्या काही मिनिटांतच एका कैद्याचा शिरच्छेद होतो. पुढे रक्तपात आहे, दारूचे गुत्ते आहेत, चोरांची आणि मारेकऱ्यांची टोळीही आहे. म्हणून शाळकरी मुलांच्या हाती हा गेम देऊ नये. कॉलेजात गेलेली मुले आणि त्यांच्याबरोबर बसण्याची हौस असलेले आईवडील, यांच्यासाठी हा लेख आहे.

दुसरा मुद्दा यंत्राचा. २०१६ साली निघालेली ‘स्पेशल एडिशन’ ही सुधारित आवृत्ती नवख्यांसाठी उत्तम. कॉम्प्युटरवर तिला ८ जीबी रॅम, हार्ड डिस्कवर १२ जीबी जागा आणि वेगळे ग्राफिक्स कार्ड लागते. प्लेस्टेशन, एक्सबॉक्स आणि निन्टेंडो स्विचवरही गेम मिळतो. २०२१ ची ‘ॲनिव्हर्सरी एडिशन’ अधिक सामानाने भरलेली आहे; पण ते सामान सुरुवातीलाच पुढ्यात येते आणि नवखा गोंधळतो. पहिल्या खेपेला साधीच आवृत्ती बरी.

तिसरा मुद्दा पैशांचा. मोबाइलवरच्या अनेक गेममध्ये पावलोपावली पैसे मागितले जातात. स्कायरिम एकदा विकत घेतला की शेवटपर्यंत खेळायला आणखी एक पैसाही लागत नाही. मुख्य पानावर ‘क्रिएशन्स’ नावाचे एक दुकान असते, त्यात काही वस्तू विकत मिळतात. तिकडे फिरकले नाही तरी काही अडत नाही. शिवाय हा एकट्याने खेळायचा गेम आहे. पलीकडून कुणी अनोळखी माणूस बोलत नाही. आईवडिलांच्या दृष्टीने ही मोठीच सोय.

सोंग कोणते घ्यावे?

गेम उघडतो तो एका बैलगाडीसारख्या गाडीत, फक्त ती घोडा ओढत असतो. तुमचे हात बांधलेले असतात आणि गाडी हेल्गन नावाच्या गावी वधस्तंभाकडे चाललेली असते. तिथे पोहोचल्यावर नाव विचारले जाते आणि तुमचा चेहरा, वंश, नाव ठरवण्याचा पडदा येतो. दहा वंश आहेत. थंडी सोसणारे उत्तरेकडचे नॉर्ड, जादूचा मारा काही अंशी परतवणारे ब्रेटन, पाण्याखाली श्वास घेणारे सरड्यासारखे आर्गोनियन, अंधारात बघू शकणारे मांजरमुखी खाजीत, आणि असे बरेच.

नवखी मुले इथे तासभर अडकतात. "कोणता घेतला तर नुकसान होणार नाही?" असे विचारतात. उत्तर असे की कोणताही घ्या. वंशामुळे काही कौशल्यांत थोडी आघाडी मिळते, एवढेच. ऑर्क जातीचा माणूस जादूगार होऊ शकतो आणि उंच एल्फ कुऱ्हाड चालवू शकतो. कुणाच्या पोटी जन्मलात यावर इथे शेवटचा शब्द लिहिलेला नाही. तेव्हा ज्याच्याकडे बघून तुम्हाला गोष्ट सुचेल, तो चेहरा घ्या आणि पुढे चला.

जे कराल ते वाढेल

स्कायरिमची खरी गंमत इथे आहे. त्यात अठरा कौशल्ये आहेत. सहा लढाईची, सहा जादूची आणि सहा चोरपावलांची व हिकमतीची. ती वाढतात फक्त वापरल्याने. तलवार चालवाल तर तलवारीचा हात सुधारेल. ढालीवर घाव झेलाल तर ढाल पक्की होईल. भट्टीवर लोखंड ठोकाल तर लोहारकाम येईल. दुकानदाराशी देवघेव कराल तर बोलण्याचे कौशल्य वाढेल. ‘कै केसरादरे बायी मोसरु’ ही म्हण एखाद्या गेमच्या नियमांत उतरलेली बघायची असेल तर ती इथे बघावी.

कौशल्ये वाढत गेली की तुमची एकूण पातळी चढते. त्या वेळी गेम दोन गोष्टी विचारतो. आरोग्य, जादूची शक्ती आणि दम या तिघांपैकी काय वाढवायचे? आणि कोणत्या कौशल्यात एक खास गुण घ्यायचा? सुरुवातीला तिन्ही शक्ती साधारण शंभर असतात आणि दर वेळी निवडलेल्या एकीत दहाची भर पडते. सल्ला सोपा आहे. पहिल्या काही पातळ्यांना बहुतेक वेळा आरोग्य वाढवा. मेलेल्याला बाकीच्या दोन्हींचा उपयोग नाही. खास गुण मात्र विखरू नका. दोन किंवा तीन कौशल्ये ठरवा आणि त्यांतच घाला. थोडी तलवार, थोडे धनुष्य, थोडी जादू, थोडी चोरी असे सगळीकडे हात मारणारा पुढे कशातच तरबेज होत नाही आणि शत्रू मात्र तुमच्या पातळीबरोबर बळकट होत जातात. गुण लगेच वापरलाच पाहिजे असेही नाही. तो शिल्लक ठेवता येतो.

हेल्गनहून रिव्हरवुड गावाकडे जाताना वाटेत तीन कोरलेले उभे दगड लागतात. योद्धा, जादूगार आणि चोर. त्यांतल्या एकाला हात लावला की त्या गटातली कौशल्ये वीस टक्के जलद वाढतात. एका वेळी एकच दगड लागू पडतो, पण परत येऊन तो बदलता येतो. न थांबता पळत गेलेल्यांच्या हातून हा दगड निसटतो.

पहिले गाव, पहिली गुहा

रिव्हरवुड हे नदीकाठचे छोटेसे गाव. इथे दोन दिवस काढा. लोहाराशी बोललात तर तो सामान देऊन सुरी घडवायला, तिला धार लावायला आणि कातडे कमवायला शिकवतो. दुकानात भाऊ-बहिणीचे भांडण चालू असते. त्यांच्या दुकानातला सोन्याचा पंजा चोरीला गेला आहे. "मी आणून देतो" असे म्हणून टाका.

तो पंजा मिळतो ब्लीक फॉल्स बॅरो या डोंगरावरच्या जुन्या थडग्यात. तिथे शेवटी एक वर्तुळाकार दार लागते. त्यावर प्राण्यांच्या चित्रांची तीन कडी असतात आणि ती योग्य क्रमाने फिरवली तरच दार उघडते. कितीतरी मुले इथे चिडून सगळ्या जुळण्या एकामागून एक करून बघतात. आपल्या सामानाची यादी उघडा, पंजा निवडा आणि तो हातात घेतल्यासारखा उलटा फिरवून बघा. उत्तर त्याच्या तळव्यावर कोरलेले आहे. त्याआधी एका दालनात तीन फिरते खांब लागतात, त्याचेही उत्तर समोरच मिळते. या गेममध्ये अडलात की एखादी वस्तू बघायची राहिली आहे का, हे आधी तपासा.

या थडग्याच्या शेवटी एक कोरीव शिलाही मिळते. ती टाकून देऊ नका. पुढे व्हाइटरन शहरात सरदाराचा जादूगार नेमकी तीच आणायला सांगतो आणि ती तुमच्याकडे आधीच असते. व्हाइटरनला जाऊन सरदाराला भेटल्यावर काही वेळाने पहिला ड्रॅगन येतो. त्याआधी मोकळ्या रानात ड्रॅगन भेटत नाहीत. तेव्हा जग शांत असताना फिरून घ्यायचे असेल तर हीच वेळ. ड्रॅगनशी लढताना उघड्यावर उभे राहू नका. बुरुजाचा, मोठ्या खडकाचा आडोसा घ्या, धनुष्य वापरा आणि तो खाली उतरला की मग जवळ जा. पहारेकरी सोबत असतात, त्यांनाही लढू द्या.

या कामगिरीनंतर सरदार तुम्हाला मान देतो आणि लिडिया नावाची एक अंगरक्षक तुमच्या सोबतीला येते. ती लढते आणि तुमचे ओझेही वाहते. लढाईच्या धांदलीत तुमचाच घाव तिला बसणार नाही एवढे बघा.

नवख्याला हमखास नडणाऱ्या गोष्टी

ओझे. सुरुवातीला तुम्ही तीनशे एवढे वजन वाहू शकता. त्याहून जास्त झाले की पळता येत नाही आणि नकाशावरून झटकन दुसऱ्या गावी जाताही येत नाही. मेलेल्या प्रत्येक दरोडेखोराची ढाल उचलायची सवय सोडा. वजनाला हलके आणि किमतीला भारी ते घ्या. रत्ने, अंगठ्या, औषधे. दुकानदाराकडेही ठरावीकच नाणी असतात. ती संपली की दोन दिवसांनी परत भरतात.

राखण. इंग्रजीत सेव्ह म्हणतात ते. गेम अधूनमधून आपोआप सेव्ह होतो, पण त्यावर विसंबू नका. गुहेत शिरण्यापूर्वी आणि महत्त्वाच्या बोलण्यापूर्वी स्वतः सेव्ह करा आणि दर वेळी जुन्यावर न लिहिता नवी नोंद ठेवा.

महाकाय. व्हाइटरनच्या भोवतालच्या माळावर मोठमोठे मॅमथ हत्ती आणि त्यांना राखणारे महाकाय पुरुष दिसतात. ते आपण होऊन कुणाच्या वाटेला जात नाहीत. फार जवळ गेलात तर आधी हावभावाने बजावतात. तरीही हौसेने बाण मारलात तर एका सोट्यात तुम्ही आकाशात उडता. लांबून बघावे आणि पुढे जावे.

चोरी. एखाद्या वस्तूवर नजर गेली आणि अक्षरे लाल दिसली की ती दुसऱ्याच्या मालकीची आहे असे समजा. उचललीत आणि कुणी बघितले तर त्या परगण्यात तुमच्या डोक्यावर दंड चढतो. चोरीचा माल साधा दुकानदार विकतही घेत नाही.

औषधे. गावाबाहेर निळी रानफुले उगवतात आणि शेतात गहू असतो. किमयागाराच्या मेजावर ही दोन एकत्र केली की जखम भरण्याचे औषध तयार होते. कोणतीही वनस्पती आधी थोडी खाऊन बघा. तिच्या चार गुणांपैकी पहिला लगेच कळतो. पैसे खर्चून औषधे विकत घेणाऱ्यापेक्षा वाटेवरची फुले खुडत जाणारा सुखी असतो. सुरुवातीपासून प्रत्येकाला जखम भरण्याचा एक साधा मंत्रही येत असतो, त्याचाही विसर पडतो.

झोप. खाणावळीत दहा नाणी दिली की खाट मिळते. झोपून उठल्यावर काही तास कौशल्ये थोडी लवकर वाढतात.

कठीणपणा. लढाई फारच जड जात असेल तर सेटिंगमध्ये जाऊन एक पायरी खाली या. त्यात कमीपणा काही नाही.

भाषेची बाजू

गेम मराठीत नाही, कन्नडमध्ये नाही आणि हिंदीतही नाही. संभाषण इंग्रजीत आणि तेही निरनिराळ्या हेलांत चालते. म्हणून पहिल्याच दिवशी सेटिंगमध्ये जाऊन अक्षरांच्या ओळी, म्हणजे सबटायटल्स, चालू करा. कानाने निसटलेले डोळ्यांना सापडते. या जगात शेकडो पुस्तके विखुरलेली आहेत आणि ती खरोखर उघडून वाचता येतात. इतिहास, लोककथा, प्रवासवर्णने. काही पुस्तके उघडली की एखादे कौशल्यही वाढते. मुलाचे इंग्रजी वाचन सुधारावे असे वाटणाऱ्या पालकांनी या पुस्तकांकडे लक्ष द्यावे.

शिवाय या गेमने ड्रॅगनांची एक स्वतंत्र भाषा रचली आहे, तिला लिपीही आहे. जुन्या थडग्यांत आणि डोंगरमाथ्यांवर त्या लिपीतल्या भिंती आढळतात. एकेका भिंतीवरून एकेक शब्द मिळतो, ड्रॅगनला मारल्यावर मिळणाऱ्या आत्म्याच्या बळावर तो शब्द उलगडतो आणि असे तीन शब्द मिळून एक ललकारी पुरी होते. सर्वांत प्रसिद्ध ललकारीचे तीन शब्द म्हणजे ‘फुस, रो, दाह’. त्यांचे अर्थ बळ, तोल आणि धक्का असे आहेत. हे एका दमात उच्चारले की समोरचा माणूस फेकला जातो. ड्रॅगन आग ओकतो तेही त्याचे बोलणेच असते अशी या जगातली समजूत आहे. शब्दाला वजन असते असे आपण म्हणतो. इथे ते अक्षरशः खरे आहे. दोन-तीन भाषांत वाढलेल्या मुलाला हा भाग चटकन आवडतो.

कुणाच्या बाजूने?

आता या गेममधला सर्वांत अवघड प्रश्न. तो ड्रॅगनचा नाही.

स्कायरिम देशात यादवी चालू आहे. मागच्या मोठ्या युद्धानंतर साम्राज्याला जो तह करावा लागला, त्यात नॉर्ड लोकांच्या टॅलोस या देवाच्या पूजेवर बंदी आली. उल्फ्रिक स्टॉर्मक्लोक हा सरदार त्याविरुद्ध उठला आहे. "हा देश आमचा, पूजा कुणाची करायची ते आम्ही ठरवू" असा त्याचा पवित्रा. साम्राज्याचा सेनापती ट्युलियस म्हणतो त्याचा मथितार्थ असा की आपसांत फुटलो तर खरा शत्रू दोघांनाही गिळेल. तुम्हाला दोन्हीकडून बोलावणे येते.

नवखा खेळाडू पहिल्या अर्ध्या तासातच बाजू घेऊन टाकतो. हेल्गनमध्ये साम्राज्याच्या लोकांनी आपल्याला वधस्तंभावर नेले, म्हणजे ते वाईट, दुसरे चांगले. इथेच थांबा. हेल्गनमधून निसटताना तुम्हाला दोन माणसांपैकी एकाच्या मागे जायचे असते. हॅडवार साम्राज्याचा शिपाई, रालोफ बंडखोर. हे दोघेही एकाच गावचे आहेत, त्याच रिव्हरवुडचे. एकाचा काका तिथला लोहार, दुसऱ्याची बहीण तिथली लाकूड कापायची गिरणी चालवते. तुम्ही कुणाच्याही मागे गेलात तरी त्याच्या घरी तुम्हाला आसरा मिळतो. दोन घरे दोन बाजूंची, आणि गावात भट्टीही चालू असते, गिरणीही चालू असते.

सीमाभागात राहणाऱ्याला याचा अर्थ समजावून सांगायला नको. आपल्या गल्लीत एका दारावर मराठी पाटी आणि शेजारच्या दारावर कन्नड पाटी असते. दोन्ही घरांना आपली बाजू असते, तिच्यामागे खरे दुःख असते, आणि तरी पिठाच्या गिरणीत रांग एकच लागते. आपल्यापैकी कित्येकांच्या तर एकाच घरात दोन भाषा नांदतात. त्यामुळे अमेरिकेत बसून रचलेल्या या खेळातला हा प्रश्न आपल्या मुलांना इतर ठिकाणच्या मुलांपेक्षा जास्त खोल कळू शकतो.

म्हणून माझा सल्ला असा. कोणत्याही फौजेत भरती होण्याआधी दोन्ही शहरे पायी फिरून या. बंडखोरांच्या विंडहेल्ममध्ये पहिल्यांदा शिरताना वेशीपाशीच दोन नॉर्ड एका काळ्या एल्फ बाईला दमदाटी करताना दिसतात. परागंदा होऊन आलेल्या तिच्या लोकांची वस्ती शहराच्या एका कळकट कोपऱ्यात आहे आणि आर्गोनियनांना तर कोटाच्या आत राहायलाही मनाई आहे. साम्राज्याच्या सॉलिट्यूडमध्ये पहिल्यांदा शिरताना वेशीपाशीच एका माणसाचा शिरच्छेद होत असतो. उल्फ्रिकला वेस उघडून दिली हा त्याचा गुन्हा, आणि गर्दीत त्याच्या नात्यातली लहान मुलगी उभी असते. गेम यावर काही भाष्य करत नाही. फक्त दाखवतो आणि गप्प राहतो. स्वातंत्र्याची भाषा बोलणाऱ्यांच्या शहरात परक्याला जागा नाही, आणि ऐक्याची भाषा बोलणाऱ्यांच्या शहरात क्षमा नाही. दोन्ही बघितल्यावर मग ठरवा.

आणि ठरवले नाही तरी चालते. ड्रॅगनची मुख्य कथा कोणत्याही फौजेत न जाता पुरी करता येते. लढाई चालूच राहिली असेल तर कथेच्या ओघात एका टप्प्यावर दोन्ही पक्षांना तहासाठी एका मेजाभोवती बसवावे लागते आणि कोणते शहर कुणाला द्यायचे यात तुमचा शब्द विचारला जातो. बाजू न घेणाऱ्यालाही निर्णय चुकत नाहीत, हे तिथे कळते. पुढे एका म्हाताऱ्या ड्रॅगनविषयीही असाच प्रश्न येतो. वेताळाने विक्रमाला विचारावा तसा. त्याचे उत्तर मी इथे देणार नाही.

घरच्यांसाठी दोन शब्द

"आत्ता मध्येच थांबवता येत नाही" हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येते. इतरांशी जोडून खेळायच्या ऑनलाइन गेममध्ये त्यात तथ्य असते. स्कायरिममध्ये नाही. मेनू उघडला की सगळे जग जागच्या जागी थांबते, ड्रॅगन हवेत असला तरी. सेव्हही जवळजवळ कुठेही करता येतो. तेव्हा जेवायला हाक मारली की पाच मिनिटांत पानावर यायला हरकत नसावी. हा गेम फार मोठा आहे, तो संपवायचा असा ध्यास धरला तर परीक्षाच काय, झोपही जाते. दिवस आणि तास आधी ठरवून घ्यावेत आणि एका बैठकीत एखादेच काम पुरे करावे. एक गुहा, एक गाव, एक भेट. गोष्ट दुसऱ्या दिवशीही तिथेच असते.

मोठ्यांनी मात्र केवळ घड्याळ दाखवणारे होऊ नये. कधीतरी शेजारी खुर्ची ओढून बसावे. "किती वेळ झाला?" याऐवजी "आज कुठपर्यंत पोहोचलास? त्या बाईला मदत केलीस का?" असे विचारून बघावे. मुलीला सांगावे, आज घडलेली गोष्ट आजीला मराठीत सांग आणि शेजारच्या अज्जीला कन्नडमध्ये सांग. इंग्रजीत ऐकलेले आपल्या भाषेत आणताना शब्द शोधावे लागतात. व्हाइटरनच्या त्या सरदाराला गेममध्ये जार्ल म्हणतात. आजी पटकन म्हणेल, "म्हणजे आपल्याकडचे देसाई की ग!" एका शब्दात ते पद मुलीला नीट कळेल आणि आजीलाही ड्रॅगनच्या त्या देशात बसायला जागा मिळेल.

तर स्कायरिमला निघणाऱ्यांनो, पहिल्या आठवड्यात ड्रॅगन किती मारले याचा हिशेब ठेवू नका. दगडापाशी थांबा, पंजा उलटून बघा, फुले खुडा, लोहाराचे आणि गिरणीवालीचे दोघांचेही ऐकून घ्या. मग खुशाल तलवार उपसा. आणि घरात कुणी विचारले, "तू कुणाच्या बाजूने?" तर उत्तर द्यायच्या आधी दोन्ही शहरे बघून झालीत ना, एवढे मनाशी तपासा.